बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पट्टी कशासाठी?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी सातच्या आधी कामगारांचा ठिय्या भरतो. हातात डब्याची पिशवी, पायात स्लीपर, डोळे ठेकेदाराच्या टेम्पोच्या वाटेकडे. उभ्या असलेल्या बाया-माणसांच्या मागं एक भिंत आहे. तिच्यावर निळ्या कोटातले बाबासाहेब, बाजूला सावित्रीबाई, पलीकडं खराटा धरलेले गाडगेबाबा. ऑइल पेंट उन्हानं उडालाय, गाडगेबाबांच्या पायापर्यंत ओल चढली आहे. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत रंगवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. कंत्राटी कामगारांवरच्या माझ्या 22 मिनिटांच्या माहितीपटात ही भिंत तीनदा दिसते. कामगार बोलतात, ती मागं असते.

एका वाहिनीनं माहितीपट घ्यायचं कबूल केलं आणि आठ दिवसांनी दुरुस्त्यांची यादी पाठवली. भिंत ब्लर करा. चहाटपरीतलं कॅलेंडर ब्लर करा. टेम्पोच्या पाठीवरचा मोर ब्लर करा. तिन्हींपुढं कारण एकच लिहिलेलं: दुसऱ्याची कलाकृती, परवानगी नाही. पैसे अडकले होते, म्हणून मी ते केलं. दोन रात्री बसून एकेका फ्रेमवर मास्क सरकवत गेलो. एक बाई बोलता बोलता भिंतीपुढून जाते. ती बाबासाहेबांच्या चित्रासमोर आली की मास्क तिचा पदर खायचा, मग तो पदर कापून वेगळा काढायचा, पुन्हा पुढची फ्रेम. शेवटी भिंतीच्या जागी राखाडी-निळा गोळा उरला.

वाहिनीवर लागायच्या आधी विहारात चादर टांगून आम्ही तो दाखवला. त्याच बाईनं दिवा लागल्यावर विचारलं, "भाऊ, बाबासाहेबांच्या तोंडावर हे काहून लावलं जी? त्यायनं काय गुन्हा केला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं पडद्यावर चेहरा कुणाचा झाकतात? आरोपीचा, पीडितेचा, मृतदेहाचा. सिगारेट आणि दारूची बाटली झाकतात. वीस-पंचवीस वर्षं टीव्ही बघून प्रेक्षकाच्या डोळ्याला ही भाषा पक्की कळते. तिथं तिच्या बापाचा चेहरा झाकून मी तिला दाखवला होता.

त्यानंतर वर्षभर मी ज्या ज्या संकलकाशी, निर्मात्याशी, चित्रकार मित्राशी या विषयावर बोललो, त्या बहुतेकांचं मत वाहिनीच्याच बाजूचं निघालं. ते मत मी त्यांच्याच जोरात मांडतो. चित्र ज्यानं काढलं त्याचा घाम त्यात आहे. तुम्ही कॅमेरा फिरवून ते फुकट उचलता, पडद्यावर विकता आणि वर 'ते तर मागं होतं' म्हणता. मागं असो की पुढं, एक सेकंद असो की एक मिनिट, परवानगीशिवायचा वापर ही चोरीच. कायद्यात अपवाद असला तर ती पळवाट आहे, मोठ्या निर्मात्यांनी छोट्या कलाकारांना लुटण्यासाठी ठेवलेली. आणि तुम्हाला खरंच कलाकाराची चाड असेल तर परवानगी घ्या. घेता येत नसेल तर झाका. झाकल्यानं कुणाचं काय बिघडतं?

घामाचं वाक्य सोडलं तर या मतातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण वाहिन्यांच्या याद्या वाचल्या तर वाटावं की कायदा या बाबतीत मुका आहे. तो मुका नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 पोटकलम (1) खंड (यू) याच गोष्टीसाठी आहे. चित्रपटात एखादी कलाकृती आली, आणि ती सार्वजनिक जागी किंवा लोकांना जाता येतं अशा आवारात कायमची असेल, तर तो भंग नाही. दुसरी कोणतीही कलाकृती, म्हणजे घरातलं, दुकानातलं, खोलीतलं चित्रसुद्धा, नुसतं पार्श्वभूमी म्हणून किंवा मुख्य विषयाच्या ओघात आलेलं असेल, तर तोही भंग नाही. या दोन गोष्टींमध्ये 'किंवा' आहे. म्हणजे रस्त्यावरच्या भिंतीला 'मी मागं होते' हे सिद्ध करायचीही गरज नाही. ती रस्त्यावर आहे, एवढं पुरे. कॅलेंडरला मागं असणं पुरे. आणि चित्रपट म्हणजे केवळ थिएटरातला सिनेमा, असंही कुणी म्हणू नये. 2012 च्या दुरुस्तीनंतर हलत्या चित्रांचं कोणत्याही माध्यमावरचं ध्वनिचित्रण त्या व्याख्येत बसतं. माझा माहितीपट बसतो, वाहिनीची बातमी बसते, हिंगण्यातल्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा बसतो.

'अपवाद' हा शब्दच सगळ्यांची दिशाभूल करतो असं मला वाटतं. कलम 52 ची सुरुवात 'पुढील कृत्यं माफ आहेत' अशी नाही. पुढील कृत्यं भंगच ठरत नाहीत, असं ते म्हणतं. फरक मोठा आहे. शेजाऱ्याच्या शेतात घुसून नंतर माफी मिळणं वेगळं आणि त्या जागेतून पूर्वीपासून पायवाट असणं वेगळं. चित्रकाराचा हक्क जिथं संपतो ती धुऱ्याची रेघ या कलमानं आखलेली आहे. रेघेपलीकडं जे आहे ते त्याचं कधी नव्हतंच. मग त्याच्या घरात चोरी झाली कशी? 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी हेच सांगितलं होतं की कॉपीराइट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही. कायद्यानं दिलेला, कायद्यानंच मोजून दिलेला हक्क आहे. मोजमापाचा अर्धा भाग वाचायचा आणि उरलेल्याचं पान उलटून पुढं जायचं, याला कायदा पाळणं म्हणत नाहीत.

या बाबतीत भीती घालायला कलम 63 पुढं केलं जातं. सहा महिने ते तीन वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. आकडे खरे आहेत. पण ते जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी आहेत, आणि जिथं भंगच नाही तिथं जाणूनबुजूनचा प्रश्न येतो कुठून?

मग अमेरिकेचा दाखला येतो. तो प्रत्येक बैठकीत येतो. फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीच्या गोधडीचं पोस्टर एका टीव्ही मालिकेत चर्चच्या सभागृहाच्या भिंतीवर दिसलं, सगळं मिळून सुमारे 27 सेकंद; आणि 1997 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ते क्षुल्लक मानायला नकार दिला. बघा, 27 सेकंद! असं सांगणारे पुढच्या वर्षाचं सांगत नाहीत. 1998 मध्ये त्याच न्यायालयापुढं 'सेव्हन' या चित्रपटाचं प्रकरण आलं. एका छायाचित्रकाराचे फोटो तिथं मागच्या बाजूला सुमारे 36 सेकंद दिसले होते, म्हणजे जास्तच. पण ते अंधुक होते, ओळखू येत नव्हते, म्हणून न्यायालयानं ते क्षुल्लक मानलं. मुळात अमेरिकेत आपल्या खंड (यू) सारखा लिहिलेला नियमच नाही. तिथल्या वकिलाला क्षुल्लकता आणि न्याय्य वापर या दोन तत्त्वांवर झगडावं लागतं, म्हणून तो सेकंद मोजतो. आपल्याकडं संसदेनं तो प्रश्न 1957 मध्येच सोडवून ठेवला आहे. आपल्या शेतात विहीर असताना दुसऱ्याच्या दुष्काळाचा हिशेब आपण का करायचा? आणि परदेशच बघायचा असेल तर फ्रान्स बघा. कलाकाराच्या हक्काबद्दल तो देश सर्वांत कडक समजला जातो. लियाँ शहरातल्या एका चौकाची मांडणी ब्युरेन आणि द्रेव्हे या दोघांनी केली होती. चौकाची पोस्टकार्डं छापणाऱ्यांवर त्यांनी दावा लावला. 2005 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. त्यांची कलाकृती चौकात मिसळून गेली आहे आणि पोस्टकार्डात ती मुख्य विषयाला आनुषंगिक आहे, असं कारण दिलं. ती तर विक्रीला ठेवलेली पोस्टकार्डं होती.

दुसरा दाखला घरचा असतो. मुंबईतल्या एका भित्तिचित्राचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात 2023 मध्ये गेलं. स्टार्ट इंडिया फाउंडेशननं करवून घेतलेलं ते चित्र एका विमा कंपनीनं आपल्या होर्डिंगवर वापरलं. ही सरळ जाहिरात आहे असं न्यायालयाला दिसलं आणि ऑनलाइन टाकलेली चित्रंही काढायला सांगितली. मला तो आदेश पूर्ण मान्य आहे. तिथं चित्र मागं नव्हतं, चित्रच माल विकायला पुढं उभं केलं होतं. होर्डिंग म्हणजे चित्रपटही नव्हे. त्या आदेशाचं बोट धरून ठिय्यावरच्या बाईच्या मागची भिंत झाका म्हणणं म्हणजे दरोड्याचा निकाल दाखवून पायवाटेवर चालणाऱ्याला हटकणं आहे. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं 2017 मध्ये आपल्या इमारतीची प्रतिमा ट्रेडमार्क म्हणून नोंदवली, तोही दाखला दिला जातो. ट्रेडमार्क मालावरच्या खुणेसाठी असतो. गेटवेसमोरच्या गर्दीत तो घुमट दिसू नये यासाठी नव्हे. यावर अधिक शब्द घालवायची गरज नाही.

आता घामाबद्दल. हा मुद्दा मला खरा लागतो, कारण तो घाम मी जवळून पाहिला आहे. माझे काका पेंटर होते. शाळेच्या सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली असायचो. छापील फोटोवर पेन्सिलनं बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर सूत मारून मोठ्या आखायच्या, मग एकेक चौकट भिंतीवर उतरवायची. बाबासाहेबांच्या चष्म्याची काच ते सगळ्यात शेवटी करायचे. काचेवरचा पांढरा ठिपका चुकला की चेहरा मरतो, म्हणायचे. दुकानांचे बोर्ड, बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती, 14 एप्रिलच्या आधी विहारांच्या भिंती. हिंगण्यापासून वानाडोंगरीपर्यंत त्यांच्या हातच्या पाट्या मी ओळखायचो.

त्यांचं काम कुणी बुडवलं? कॅमेऱ्यानं? फ्लेक्सनं बुडवलं. रात्रीतून छापून मिळणाऱ्या फ्लेक्सनं दोन-चार वर्षांत बोर्डाचं काम खाल्लं. भिंतीवरची चित्रं निवडणुकीच्या आधी ज्यांनी चुना मारून पुसली, त्यांनी बुडवलं. काम करून घेऊन सहा-सहा महिने पैसे थकवणाऱ्यांनी बुडवलं. कुणाच्या सिनेमात आपली भिंत चार सेकंद दिसली म्हणून काकांच्या घरची चूल विझली नाही. दिसली असती तर त्यांनी मोहल्लाभर सांगितलं असतं.

आणि झाकल्यानं पेंटरला मिळालं काय? एक रुपया? वाहिनीनं ब्लर करायला लावलं तेव्हा त्या भिंतीच्या पेंटरला कुणी फोन लावला होता? नंबर तर तिथंच लिहिलेला होता! ब्लरखाली चित्र गेलं, त्याचं नाव गेलं आणि तो नंबरही गेला. उद्या कुणी माहितीपट बघून 'ही भिंत कुणी काढली, आमचीही काढून द्या' म्हणणार होता, ती शक्यताही गेली. कलाकाराच्या नावानं चाललेल्या या कारभारात कलाकाराला मिळतं ते फक्त अदृश्य होणं. ही कलाकाराची कदर कशी?

'परवानगी घ्यायला काय जातं' असं विचारणाऱ्यांनी एकदा माझ्यासोबत हिंगणा रोडच्या टपरीवर कॅमेरा लावून उभं राहावं. एकच संथ पॅन. डावीकडं मेट्रोचे खांब. टपरीत महालक्ष्मीचं कॅलेंडर, टोस्टच्या पुड्यावरचं चित्र, बिस्किटाच्या डब्यावरचा छाप. बाकावर बसलेल्या पोराच्या टी-शर्टवर वाघाचा चेहरा. टेम्पोच्या पाठीवर मोर आणि कमळ. शाळेच्या कुंपणावर भारताचा नकाशा आणि उगवता सूर्य. पलीकडं आपली ती भिंत. वीस सेकंदांत दहा-बारा कलाकृती. त्यातल्या निम्म्यांचा कर्ता कधीच सापडणार नाही. कर्ता वारला असेल तर त्याचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. 2010 मध्ये वारलेल्या पेंटरच्या मोरासाठी 2070 संपेपर्यंत वारस शोधत फिरायचं. कुणी फिरायचं? मोठ्या निर्मात्याकडं त्यासाठी माणसं आहेत, वकील आहेत; आणि ते नको असतील तर स्टुडिओत नकली टपरी बांधायला पैसे आहेत. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांत, दोन माणसांच्या बळावर काम करतो तो छोटा माणूस. म्हणजे जो अपवाद मोठ्यांची पळवाट म्हणून हिणवला जातो, त्याच्याशिवाय मोठ्यांचं अडत नाही. अडतं ते आमचं.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' आठवा. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. पुढं 14 वर्षं पटवर्धन चित्रीकरण करत राहिले. त्या माहितीपटाच्या मुळाशी एक पुतळा आहे, आणि पुतळा ही कायद्याच्या भाषेत कलाकृती आहे. वस्त्यांमध्ये, घरांमध्ये, मिरवणुकांमध्ये तसबिरी आहेत. प्रत्येकीची परवानगी मागत बसले असते तर तो माहितीपट झाला असता का? की पुतळा ब्लर करून पुतळ्याची गोष्ट सांगायची होती? 'फँड्री'चा शेवट आठवा. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचं कुटुंब चालतं आणि मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा, शाहू महाराज. ती भिंत खरी असो वा चित्रीकरणासाठी रंगवलेली, तो एक क्षण झाकून बघा. उरतं काय? डुक्कर वाहणारी चार माणसं. या देशानं भिंतीवर काय लिहिलं आणि खाली काय घडवलं, हे सांगणारा अर्धा भाग निघून जातो.

इथं एक हुशार आक्षेप येतो. म्हणतात, दिग्दर्शकानं भिंत मुद्दाम फ्रेममध्ये घेतली, तिच्यातून अर्थ काढला, मग ती 'ओघात आलेली' कशी? मला विचाराल तर पार्श्वभूमीला अर्थ असू नये ही अपेक्षाच खुळी आहे. कॅमेरा लावणारा प्रत्येक जण मागं काय आहे ते बघूनच लावतो. मुख्य विषय कोण, हा कायद्याचा प्रश्न आहे. मागची वस्तू दिग्दर्शकाला दिसली होती का, हा नाही. प्रेक्षक तिथं अमुक पेंटरची चित्रकला बघायला आलेला नाही, जब्याचं काय होतं ते बघायला आला आहे. आणि सार्वजनिक भिंतीला तर, वर सांगितलं तसं, मागं असण्याची अटच नाही.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी कॅमेरा घेऊन गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 नंतर तिथं दरवर्षी लोक येतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तसबिरी, मूर्ती, कॅलेंडरं, बिल्ले यांची दुकानं लागतात. तिथं चित्र नसलेली फ्रेम मिळत नाही. ब्लरचा नियम लावला तर त्या दिवसाचं चित्रीकरण म्हणजे धुक्यातून चालणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं.

शिवाय या भिंती टिकणार नाहीत. मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका सध्या लोकमान्य नगरला थांबते. दुसऱ्या टप्प्यात ती हिंगण्यापर्यंत यायची आहे. रस्ता रुंद होईल, कुंपणं पडतील, ओल चढलेले गाडगेबाबाही पडतील. माझ्या काकांच्या हातची एकही भिंत आज उभी नाही. त्या भिंतींचा एकही फोटो कुणी कामाचा म्हणून काढला नाही. असतील तर कुणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, वरातीच्या मागं, दोन-चार सेकंद. चित्रकाराच्या कामाचं जतन या देशात बहुतेक वेळा असंच, दुसऱ्याच्या कामाच्या ओघात झालं आहे. ते झाकायला लावणारा माणूस चित्राचा शेवटचा पुरावा खोडतो.

कलाकाराचा खरा हक्क मारला जातो तेव्हा कायद्याकडं हत्यार आहे, तेही सांगतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं प्रचंड कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. सहगल लढले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम 57 खाली 5 लाखांची भरपाई दिली, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले. कलाकृतीचा मान राखायचा हक्क तो हाच. ज्यांना कलाकाराची चाड आहे त्यांनी चुना मारलेल्या भिंतींसाठी हे कलम घेऊन उभं राहावं. मी पहिला सोबत येईन.

माझी तक्रार उलट आहे. हा अपवाद पुरेसा रुंद नाही. चित्रपटाला जे संरक्षण आहे ते स्थिर छायाचित्राला नाही. ठिय्यावरच्या त्याच बाईचा, त्याच भिंतीपुढं, त्याच मोबाइलनं व्हिडिओ काढला तर खंड (यू) पाठीशी उभा राहतो. फोटो काढून पुस्तकात छापला तर खंड (टी) फक्त शिल्प आणि कलाकुसरीपुरता बोलतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्राचं नाव घेत नाही. बातमीसाठी न्याय्य वापराचा आधार आहे, पुस्तकासाठी तोही डळमळीत. इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यानं ओघात आलेल्या कलाकृतीची मुभा फोटोलाही दिली आहे. आपल्याकडं ती का नाही? वाद घालायचा तर यावर घालू.

पुढचा माहितीपट मी याच महिन्यात पाठवतो आहे. त्यात भिंत आहे, मोर आहे, कॅलेंडर आहे आणि शेवटच्या श्रेयनामावलीत पेंटरचं नाव आहे. त्याला मी फोन केला, त्यानं स्वतःच स्पेलिंग सांगितलं. सोबत एक पानाचं पत्र जोडलं आहे. त्यात कलम 52 (1) (यू) उतरवून खाली लिहिलं आहे: 'यातली कोणतीही चौकट झाकायची असल्यास कोणत्या कलाकाराचा, कोणत्या कलमाखालचा हक्क भंगतो ते लेखी कळवावं. तोवर मी एकही चेहरा झाकणार नाही.'